मीटरचा काटा आणि ब्रेकचा दिवा : येऊन-जाऊन असणाऱ्या दोषाच्या निदानाविषयी

चालत्या वाहनाचा वेगदर्शक काटा एकाएकी शून्यावर येतो, त्याच क्षणी मीटरमध्ये एबीएसचा पिवळा आणि ब्रेकचा लाल दिवा लागतो, आणि चालक गाडी रस्त्याच्या कडेला घेईपर्यंत काटा व दिवे पुन्हा पूर्ववत झालेले असतात, अशा दोषाच्या निदानाचा पद्धतशीर विचार हा या पुस्तकाचा विषय आहे. या दोषाचे वैशिष्ट्य असे की, त्याचे कारण वाहनात सतत हजर असते, मात्र त्याचे लक्षण ठरावीक परिस्थिती जुळून आली म्हणजेच प्रकट होते. तार आवरणाच्या आत तुटलेली असते, पण तिची दोन टोके बहुतेक वेळ एकमेकांना टेकलेली राहतात, आणि चाक एका विशिष्ट कोनात वळले किंवा खड्ड्यात आदळले की तेवढ्यापुरती ती विलग होतात. म्हणून ‘फॉल्ट गेला’ हे गॅरेजमधले नेहमीचे विधान तपासून घ्यावे लागते. जाते ते लक्षण. कारण जागेवरच असते, आणि उभ्या गाडीत काहीच बिघाड दिसला नाही म्हणून चालकाला भास झाला असा निष्कर्ष निघत नाही.

हा विषय मराठीत, आणि तोही पिंपरी-चिंचवड व चाकणचा औद्योगिक पट्टा डोळ्यांपुढे ठेवून मांडण्यास कारण आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, आणि त्याच दशकात टेल्को, बजाज ऑटो व बजाज टेम्पो यांनी या परिसरात पाय रोवल्यावर तो मुख्यतः वाहनांचा परिसर झाला. १९६६ मध्ये पुण्यात वाहनांची चाचणी व प्रमाणन करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही संस्था निघाली आणि १९६७ मध्ये भोसरीची केंद्रीय रस्ते परिवहन संस्था स्थापन झाली. पुढे १९९९ मध्ये बजाजचा, २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचा आणि पाठोपाठ महिंद्राचा कारखाना चाकण परिसरात सुरू झाला, तेव्हा कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणभोवतीच्या महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या गावांच्या शिवारात जोडणीच्या साखळ्या फिरू लागल्या. या मोठ्या कारखान्यांच्या आधाराने वायरिंग हार्नेस, कपलर, सेन्सर, बेअरिंग आणि ब्रेकचे भाग तयार करणारे असंख्य पुरवठादार याच पट्ट्यात वाढले आहेत.

तरीही जेथे वाहन तयार होते तेथे ते दुरुस्त करण्याची विद्या आपोआप रुजते, हा समज खरा नाही. जोडणीच्या साखळीवरील कामगार हार्नेसचा, म्हणजे तारांच्या जुडग्याचा, एखादाच कपलर दिवसातून शेकडो वेळा बसवतो आणि तो बसल्याचा ‘टक’ आवाज अचूक ओळखतो, पण त्यातली तार पुढे कोठे जाते हे जाणून घेण्याची त्याच्यावर वेळ येत नाही. उलट भोसरी किंवा चिखलीतल्या गॅरेजातील वायरमन, म्हणजे वाहनाच्या विजेचे काम करणारा कारागीर, अख्खा हार्नेस उकलून पाहतो, पण त्याच्या हाती सर्किटचा नकाशा नसतो. नकाशा असलाच तर तो इंग्रजीत असतो, आणि बहुधा कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्राच्या संगणकात कुलूपबंद असतो. या दोन अर्धवट ज्ञानांमध्ये जी फट उरते, तिच्यात येऊन-जाऊन असणारा दोष वर्षानुवर्षे सुखाने नांदतो.

वेगदर्शक आणि ब्रेकचा दिवा यांचा एकमेकांशी संबंध असावा, हेच मुळात नवे आहे. जर्मन अभियंता ओटो शुल्झ याने १९०२ मध्ये ज्या वेगदर्शकाचे पेटंट घेतले त्याची रचना अशी होती की, चाक किंवा गिअरबॉक्सपासून निघालेली लवचीक केबल मीटरमधले एक चुंबक फिरवी, त्या फिरत्या चुंबकामुळे शेजारच्या धातूच्या वाटीत भोवरी प्रवाह निर्माण होऊन वाटी ओढली जाई, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरी. ओढ आणि खेच यांचा तोल जेथे साधेल तेथे काटा स्थिरावे. चेतक स्कूटरच्या पुढच्या चाकापासून मीटरपर्यंत गेलेली केबल याच घराण्यातली. केबल तुटली की काटा पडे, नवी घातली की उठे, आणि नवी घालण्याचा कंटाळा केला तर स्कूटर वर्षानुवर्षे मेलेल्या मीटरवर धावे. ब्रेकचा लाल दिवा या साऱ्यापासून पूर्णपणे अलिप्त होता: हँडब्रेक ओढलेला असला किंवा ब्रेक ऑइलच्या डबीतील तरंगता स्विच पातळी घटल्यामुळे खाली बसला, तर तो लागे. दोन लक्षणे, दोन कारणे आणि दोन वेगवेगळे कारागीर अशी ती सोपी वाटणी होती.

ही वाटणी एबीएसने मोडली. ब्रेक जोरात दाबला असता चाक फिरायचे थांबून रस्त्यावर नुसते घसरू नये, यासाठी चाकाच्या ब्रेकमधील दाब सेकंदात अनेक वेळा सोडणारी व पुन्हा लावणारी ही यंत्रणा बॉश कंपनीने विकसित केली आणि १९७८ मध्ये ती मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लास मोटारीत प्रथम आली. चाक घसरते आहे हे ओळखण्यासाठी प्रत्येक चाकाचा वेग स्वतंत्रपणे मोजावा लागतो, म्हणून चारही चाकांशी वेगसेन्सर बसले. आणि चार ठिकाणी वेग मोजला जात असताना मीटरसाठी गिअरबॉक्सवर पाचवा सेन्सर ठेवणे अनेक उत्पादकांना अनावश्यक वाटू लागले. १९८६ मध्ये बॉशनेच जगापुढे ठेवलेल्या कॅन या जोडणीपद्धतीने ती सोय करून दिली. कॅन म्हणजे पिळलेल्या दोन तारांची एक सामाईक वाट, जिच्यावर वाहनातील सर्व नियंत्रक, म्हणजे छोटे संगणक, आपापले संदेश टाकतात आणि ज्याला जो हवा तो उचलतो. एबीएसचा नियंत्रक चाकांचे वेग या वाटेवर टाकतो, त्यांतून मीटर काटा हलवते, इंजिनाचा नियंत्रक इंधनाचा हिशेब करतो, आणि विजेवर चालणारे स्टीअरिंग किती हलके ठेवायचे हेही त्याच माहितीवर ठरते. भारतात प्रवासी मोटारींच्या नव्या मॉडेलांना एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले, १२५ सीसीहून अधिक क्षमतेच्या दुचाकींनाही तेच वेळापत्रक लागू झाले, आणि एकेकाळी महागड्या गाड्यांपुरती असलेली ही गुंतागुंत साध्या गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली.

निदानाचे पहिले सूत्र या इतिहासातूनच मिळते. दोन लक्षणे एकाच क्षणी येत आणि एकाच क्षणी जात असतील, तर त्यांचे मूळ त्या दोघांच्या सामाईक वाटेवर शोधावे. मीटर वेगळे आणि ब्रेक वेगळा तपासत बसू नये. सूत्र साधे असले तरी ते वापरण्यासाठी कोणत्या वाहनात वेगाचा संकेत कोठून निघून कोठे जातो हे आधी माहीत हवे, कारण अनेक वाहनांत आजही गिअरबॉक्सवरचा स्वतंत्र सेन्सर आहे, काहींत मीटर एबीएसच्या नियंत्रकावर अवलंबून आहे, आणि एबीएस असलेल्या अनेक मोटारसायकलींत चाकाचा एकच सेन्सर ब्रेक आणि मीटर या दोघांना पुरतो.

चाकाजवळचा सेन्सर दोन प्रकारचा असतो. जुन्या, निष्क्रिय प्रकारात चुंबकावर गुंडाळलेली तारेची वेटोळी असते. चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी रिंगचा प्रत्येक दाता तिच्यासमोरून जाताना चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळीत स्वतःहूनच प्रत्यावर्ती, म्हणजे उलटसुलट होणारा, विद्युतदाब उमटतो. या सेन्सरला बाहेरून वीज लागत नाही, पण चाक संथ फिरू लागले की त्याचा संकेत क्षीण होतो. नव्या, सक्रिय प्रकारात नियंत्रकाकडून विजेचा पुरवठा होतो आणि सेन्सरमधील इलेक्ट्रॉनिक परिपथ समोरचा चुंबकीय ध्रुव बदलेल त्याप्रमाणे सुमारे ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांमध्ये प्रवाह बदलतो. यातील चुंबकीय रिंग बऱ्याचदा बेअरिंगच्या सीलमध्येच दडलेली असते, त्यामुळे बेअरिंग उलटे बसवले तर यांत्रिकदृष्ट्या सारे ठीक दिसूनही संकेत येत नाही. निष्क्रिय सेन्सरचा रोध मल्टिमीटरने मोजता येतो व तो साधारणपणे १ ते २ किलोओहमच्या आसपास असतो. सक्रिय सेन्सरवर तीच मोजणी निरर्थक आहे, कारण तेथे मोजायला साधी वेटोळीच नसते. दोन्ही सेन्सरांना दोनच तारा असल्यामुळे नुसते पाहून ते ओळखू येत नाहीत, आणि रोध ‘अनंत’ दिसला म्हणून चांगले सक्रिय सेन्सर फेकून दिले जातात.

आकड्यांची थोडी ओळख या टप्प्यावर उपयोगी पडते. रिंगला ४८ दाते आणि टायरचा परीघ १.९ मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक सेकंदात पावणेनऊ फेऱ्यांच्या आसपास फिरते आणि नियंत्रकाकडे सेकंदाला सुमारे ४२० स्पंद पोहोचतात. रिंगला एके ठिकाणी तडा गेला असेल, तर प्रत्येक फेरीत एकदाच, म्हणजे दर १.९ मीटरला, स्पंदांमध्ये एक अवाजवी अंतर पडते. वेग जास्त असताना ते स्पंदांच्या गर्दीत झाकले जाऊ शकते. गाडी सिग्नलला थांबत असताना, ताशी १० किलोमीटरच्या आसपास, तेच अंतर चाक एकाएकी अडखळल्यासारखे भासते, एबीएस उगाचच जागे होते आणि ब्रेकचे पेडल पायाखाली थरथरते. थांबता थांबता पेडल थरथरल्याची तक्रार आणि नंतर कधीतरी लागणारा पिवळा दिवा हे दोन्ही एकत्र ऐकू आले, तर सेन्सर बदलण्याआधी रिंग पुसून, चाक हाताने पूर्ण एक फेरी फिरवून तिचा प्रत्येक दाता पाहावा. ड्राइव्ह शाफ्टवर दाबून बसवलेल्या रिंगखाली गंज धरतो, फुगतो आणि तिला आतून तडकवतो. सेन्सर मात्र निर्दोष असतो.

लक्षणांच्या जोड्या वाचणे हा या शास्त्राचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबणे योग्य होईल. एबीएसचा पिवळा दिवा लागतो, पण काटा जागेवर राहतो, अशी स्थिती असेल तर बहुधा एकाच चाकाचा संकेत तुटतो आहे आणि उरलेल्या तिघांवरून नियंत्रक वेग सांगू शकतो आहे. काटा पडतो, पण एकही दिवा लागत नाही, तर संशय मीटरच्या आत, काटा फिरवणाऱ्या छोट्या मोटरीवर किंवा तिच्या सोल्डरच्या सांध्यावर, अथवा गिअरबॉक्सच्या स्वतंत्र सेन्सरवर जावा. काटा, एबीएसचा दिवा आणि ब्रेकचा लाल दिवा हे तिन्ही, आणि त्यांच्यासोबत स्टीअरिंगचाही दिवा, एकाच क्षणी बदलत असतील, तर चाकाकडे जाण्यात वेळ दवडू नये, कारण येथे एबीएसचा नियंत्रकच तेवढ्यापुरता गप्प होत असण्याची शक्यता सर्वांत मोठी आहे. पुष्कळांना ठाऊक नसलेली बाब अशी की, अनेक वाहनांत हे दिवे नियंत्रकाच्या आज्ञेने लागत नाहीत. नियंत्रकाकडून ठरलेल्या वेळात संदेश आला नाही की मीटर स्वतःहून ते लावते. अशा प्रसंगी मीटर फक्त ‘संदेश थांबला’ एवढेच कळवत असते. मग शोध नियंत्रकाचा वीजपुरवठा, फ्यूज, अर्थिंग आणि कॅनच्या दोन तारा यांच्याकडे वळतो.

लाल दिव्याचा प्रश्न वेगळाही आहे आणि अधिक गंभीरही. एबीएससोबत पुढच्या व मागच्या चाकांत ब्रेकचा दाब विभागून देणारी ईबीडी ही यंत्रणा त्याच नियंत्रकात असते. ती निकामी झाली की कमी भारावर मागची चाके आधी अडकून गाडी फिरण्याचा धोका संभवतो, आणि म्हणून अशा वेळी पिवळ्यासोबत लाल दिवा लावण्याची योजना असते. रिकामा टेम्पो किंवा पिकअप घेऊन पावसात घाट उतरणाऱ्या चालकाला हा फरक समजावून सांगणे गॅरेजचे कर्तव्यच आहे. पण हाच लाल दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्यामुळेही लागतो, आणि पातळी किमान रेषेच्या जवळ असेल तर वळणावर किंवा उतारावर ऑइल डबीत एका बाजूला कलंडून दिवा क्षणभर लुकलुकतो. ब्रेक पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन पुढे सरकतात, तेवढे ऑइल त्यांच्यामागे जाते आणि डबीतली पातळी गळती नसतानाही उतरते. अशा गाडीत काट्याचा दोष आणि दिव्याचा दोष योगायोगाने एकत्र आलेले असू शकतात, आणि मघाचे सामाईक वाटेचे सूत्र तेथे फसवते. म्हणून प्रथम डबीत डोकावणे, हँडब्रेकचा स्विच तपासणे आणि पॅडची जाडी पाहणे ही दहा मिनिटांची कामे स्कॅनर जोडण्याआधीची आहेत. केवळ पिवळा दिवा लागला असता साधा ब्रेक चालतो, फक्त चाक अडकण्यापासून मिळणारे संरक्षण नाहीसे होते. लाल दिवा चालू प्रवासात लागून राहिला तर गाडी पुढे नेऊ नये.

या पट्ट्यातील परिस्थिती दोषाला कशी पोसते, याचाही विचार येथे करावा लागतो. पुणे-नाशिक महामार्गावर नाशिक फाट्यापासून चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर कंटेनर, कामगारांच्या बस आणि दुचाकी यांची दाटी असते. खड्डे, गतिरोधक आणि सतत थांबत-निघत जाणारी वाहतूक यांमुळे पुढच्या चाकाजवळची सेन्सरची तार दिवसभरात असंख्य वेळा वाकते आणि उलगडते. तांब्याचे तंतू असे वाकून वाकून एकेक करून तुटतात, पण वरचे रबरी आवरण शाबूत राहते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की ओल कपलरमध्ये शिरते, पिनांवर हिरवट क्षार धरतात, आणि तारेच्या तंतूंमधील बारीक पोकळीतून पाणी आणखी आत ओढले जाते. महिनोन् महिने पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर तारा कुरतडतात. चाकाच्या बेअरिंगची झीज वाढली की सेन्सर आणि रिंग यांमधले जेमतेम मिलिमीटरभराचे अंतर वळणावर कमी-जास्त होते आणि संकेत तुटतो. एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर घातला तरी नियंत्रकाला त्या चाकाचा वेग पटत नाही. ही कारणे सर्वत्र आढळतात. येथे ती एकाच गाडीवर एकाच ऋतूत एकत्र येतात, एवढाच काय तो फरक.

वीजपुरवठ्याचा दोष मात्र सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. एबीएसच्या पंपाची मोटर चालू होताना दहा-वीस अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढते. अर्थिंगचा नट सैल असेल किंवा त्याखाली गंज असेल, तर मल्टिमीटरची ‘बीप’ देणारी सलगता चाचणी निर्धोकपणे पार पडते, कारण त्या चाचणीत वाहणारा प्रवाह नगण्य असतो आणि शेवटचा एक तंतू जोडलेला असला तरी तो पुरतो. प्रत्यक्ष भार आला म्हणजे मात्र तेथेच दाब अडतो, नियंत्रकापर्यंत पुरेशी वीज पोहोचत नाही आणि तो स्वतःला बंद करून घेतो. म्हणून भार चालू असताना अर्थिंगच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक मोजावा, आणि तो ०.२ व्होल्टच्या वर गेला तर नट सोडून, पृष्ठभाग घासून पुन्हा आवळावा. कॅनच्या तारांची तपासणी त्यामानाने सोपी आहे: वाटेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात, ते समांतर जोडलेले असल्यामुळे बॅटरी सोडून मोजले असता ६० ओहमच्या आसपास आकडा यावा; १२० आला तर एक टोक कोठेतरी तुटले आहे.

एवढे सारे जाणणारा कारागीरही या दोषापुढे हरतो, आणि तो का हरतो हे सांगणे हा प्रस्तुत पुस्तकाचा मुख्य उद्देश आहे. या दोषाचा पुरावा नाशवंत असतो आणि तो बहुतेक वेळा तपासणाऱ्याच्याच हातून नष्ट होतो. कपलरमधील कथिलाचा मुलामा दिलेल्या पिना वाहनाच्या कंपनाने एकमेकींवर सूक्ष्म घासत राहतात, त्या घर्षणातून न वाहणारा, म्हणजे विजेला अडवणारा, ऑक्साइडचा पातळ थर जमतो आणि संकेत मधूनमधून तुटू लागतो. वायरमन सेन्सर बदलण्यासाठी कपलर काढतो आणि नवा सेन्सर लावून पुन्हा बसवतो; या काढण्या-घालण्यातच तो थर पुसला जातो. गाडी काही आठवडे नीट चालते, श्रेय नव्या सेन्सरला मिळते, आणि थर पुन्हा जमला की नवा सेन्सर ‘डुप्लिकेट निघाला’ असा शेरा मारून तिसरा घातला जातो. बॅटरी सोडणे, स्कॅनरने साठवलेले कोड वाचण्याआधीच पुसून टाकणे, इंजिन-कक्ष पाण्याच्या फवाऱ्याने धुणे आणि हार्नेस ओढून सरळ करणे, या सर्व सवयी त्याच प्रकारच्या आहेत.

म्हणून हात लावण्याआधी पाहणे, पाहण्याआधी विचारणे, आणि प्रत्येक कृतीआधी तिच्यामुळे कोणता पुरावा पुसला जाईल याचा अंदाज घेणे, असा क्रम या पुस्तकात आग्रहाने मांडला आहे. विचारायचे कोणाला, हाही प्रश्न क्षुल्लक नाही. चाकणच्या कारखान्यांसाठी तीन पाळ्यांत धावणाऱ्या बसचा मालक वेगळा, गॅरेजमध्ये गाडी आणणारा वेगळा आणि दोष दिसला तेव्हा चालवणारा वेगळा असतो. मालकाच्या तोंडून येणारी ‘मीटर बंद पडते’ ही तक्रार म्हणजे चालकाच्या अनुभवाचा उरलेला चोथा असतो. प्रत्यक्ष चालकाला विचारले असता कळते की, दोष फक्त डावीकडे वळताना येतो, किंवा पहाटेच्या पहिल्या फेरीत येतो आणि गाडी तापल्यावर येत नाही, किंवा हेडलाइट व वायपर एकत्र लावले की येतो. यांतल्या प्रत्येक उत्तराने शोधाचे क्षेत्र निम्म्याहून कमी होते.

स्कॅनरने वाचलेला कोड हा त्या साक्षीला जोड देतो, निकाल देत नाही. कोडचे पहिले अक्षर वाहनाचा विभाग सांगते: पी म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक व स्टीअरिंग यांसारखी चासीची अंगे, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे नियंत्रकांमधली देवाणघेवाण. पी०५०० हा कोड वाहनाच्या वेगाचा संकेत बिघडल्याचे, तर यू०१२१ हा एबीएसच्या नियंत्रकाशी संपर्क तुटल्याचे सांगतो. सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सर खराब, असे समीकरण गॅरेजांत इतके पक्के आहे की ते मोडण्यासाठी पुस्तकाचे एक प्रकरण खर्ची पडले आहे. कोड ज्या परिपथाचे नाव घेतो त्यात सेन्सर, तार, कपलर, रिंग आणि नियंत्रकाची पिन ही सर्वच येतात. कोड आता हजर आहे की केवळ इतिहासात नोंदलेला आहे, आणि तो नोंदला गेला त्या क्षणी वेग, विद्युतदाब व ब्रेकची स्थिती काय होती, ही माहिती उपलब्ध असेल तर ती कोडपेक्षाही मोलाची ठरते. त्यानंतर चारही चाकांचे वेग एकाच आलेखावर घेऊन ट्रायल मारली, तर कोणती रेघ आधी तुटते हे डोळ्यांनी दिसते; चारही एकदम तुटल्या तर चाके निर्दोष ठरतात. मग कोठे गाडी उभी करून, आलेख चालू ठेवून, हार्नेस वीतभर-वीतभर हलवीत जावे, संशयित जागी गरम हवा द्यावी किंवा पाणी शिंपडावे. दोष हुकमी बोलावता आला म्हणजे तो सापडला असे समजण्यास हरकत नाही, तोपर्यंत नाही.

या क्रमाला वेळ लागतो, आणि वेळेचे पैसे मागण्याची प्रथा येथल्या गॅरेजांत नाही. बिलात नव्या भागाची किंमत आणि तो बसवण्याची मजुरी दिसते. दोन तास गाडीत बसून आलेख पाहिल्याचे पैसे गिऱ्हाइकाला पटत नाहीत, म्हणून भाग बदलत जाणे हा कारागिराचा अडाणीपणा नसून बऱ्याच अंशी त्याच्यावर लादलेला हिशेब आहे. कारखान्यांतही या अडचणीचे दुसरे रूप दिसते. वॉरंटीत परत आलेला भाग पुरवठादाराच्या तपासणी-टेबलावर निर्दोष ठरतो आणि ‘नो ट्रबल फाउंड’ या शेऱ्यासह फाइल बंद होते. भाग खरोखरच निर्दोष असतो; दोष ज्या कपलरमध्ये होता तो गाडीतच राहिलेला असतो. तपासणीचे टेबल हलत नाही, भिजत नाही आणि तापत नाही, याची जाणीव ठेवून जेथे कंपन व तापमान यांच्या एकत्रित चाचण्या घेतल्या जातात तेथे हा शेरा कमी वेळा मारला जातो. दिवा लागू नये म्हणून मीटरमागचा त्याचा परिपथच तोडून देण्याचे जे प्रकार घडतात त्यांविषयी मात्र कोणतीही सहानुभूती दाखवता येत नाही, कारण त्यात लाल दिव्याचा इशाराही बुजवला जातो.

पिंपरीतील मोरवाडीसारख्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत यंत्रकारागिरी शिकणारे विद्यार्थी, गॅरेजमधील वायरमन आणि पुरवठादार कारखान्यांच्या गुणवत्ता विभागांत काम करणारे पदविकाधारक अशा तीन प्रकारच्या वाचकांना सामावून घेताना पुस्तकात काही ठिकाणी पुनरुक्ती झाली आहे आणि ती टाळता येण्यासारखी नव्हती. अवजड वाहनांतील हवेच्या ब्रेकची एबीएस यंत्रणा येथे वगळली आहे, कारण तिचे व्हॉल्व्ह, दाब आणि तपासणीची साधने वेगळी आहेत. विजेवर चालणाऱ्या दुचाकींचा आणि मोटारींचा विचार एका छोट्या प्रकरणात केला आहे. तेथे मोटरच्या फिरण्यावरूनही वेग काढता येतो आणि ब्रेक लावताना मोटर स्वतःच वीज परत निर्माण करत असल्यामुळे चाकाच्या सेन्सरचा संकेत तुटला की गाडीचे वागणे चालकाला अधिक ठळकपणे बदललेले जाणवते. दुरुस्तीनंतरच्या पडताळणीचे प्रकरण शेवटी ठेवले असले तरी कामाच्या ओघात त्याची गरज पहिल्याच दिवशी लागेल. ज्या परिस्थितीत दोष येत असे ती परिस्थिती, म्हणजे तेच वळण, तेवढाच भार, तशीच ओल किंवा तेवढेच तापमान, पुन्हा पुन्हा निर्माण करून त्यात दोष येत नाही हे पाहिल्याशिवाय गाडी मालकाच्या ताब्यात देऊ नये, आणि उन्हाळ्यात दुरुस्त केलेल्या कपलरच्या नोंदीवर पावसाळा उलटेपर्यंत ‘पूर्ण’ असा शेरा लिहू नये.